पैठणी घेताना पदर उलटा करून बघा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आपल्या एका गटाच्या सचिव ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. लग्नसराई तोंडावर आली आहे, म्हणून मैत्रिणींच्या आग्रहावरून या अंकात देत आहोत. गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.)



मला सांगितलं होतं की दहा मिनिटं बोला, विषय तुमच्या आवडीचा घ्या. आता बायकांच्या आवडीचा विषय म्हटल्यावर साडीच आली. त्यातही पैठणी. घरात पोरीचं लग्न निघालं की कुणी बोलून दाखवत नाही, पण मनात असतंच, एक तरी पैठणी पाहिजे. आणि ती स्वस्तात मिळाली तर आणखी बरं. या स्वस्ताच्या नादात आमचा गट कसा बुडता बुडता वाचला, ते आज सांगते. लाज वाटते सांगायला, पण तुमचे पैसे वाचणार असतील तर सांगायलाच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटानं जिल्ह्याच्या प्रदर्शनात स्टॉल घेतला. पापड-लोणची तर सगळ्याच आणतात, आपण साड्या ठेवू, असं ठरलं. शहरातल्या एका घाऊक दुकानातून १५ पैठण्या आणल्या. ३,२०० रुपयांना एक, म्हणजे ४८,००० झाले. तेवढं अंतर्गत कर्ज काढलं. दुकानदार म्हणाला, ‘ताई, ओरिजिनल हातमागाची आहे, सीझन संपला म्हणून या भावात देतो.’ साडीवर तसं छापलेलं लेबलही होतं. बिल मागितलं तर कच्च्या चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. आम्ही ती चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि घरी आलो.

स्टॉलवर ५,५०० ला एक, अशा चार साड्या गेल्या. आम्ही खूश. तिसऱ्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका बाई पत्ता शोधत थेट गावात आल्या. साडी मुलीच्या लग्नासाठी घेतली होती. फॉल-बिडिंगला टाकायला गेल्या, तर फॉल लावणाऱ्या बाईनं पदर उलटा केला आणि म्हणाली, ‘बाई, ही मशीनची आहे, आणि रेशीमही नाही.’ मॅडम आमच्यावर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘तुम्ही बचत गटाच्या बाया, म्हणून मी विश्वासानं घेतली.’

मैत्रिणींनो, त्या वाक्यानं आमची मान खाली गेली.

त्या संध्याकाळी तातडीची बैठक झाली. काही जणी म्हणाल्या, आपल्यालाच दुकानदारानं फसवलं, आपण का भरायचं? दोघी-तिघी म्हणाल्या, नाव आपण सांगितलं, पैसे आपण घेतले, तर भरायचंही आपणच. रात्री साडेदहापर्यंत वाद चालला. शेवटी ठराव झाला की गिऱ्हाइकाचे पैसे परत द्यायचे. वहीत मोबाईल नंबर लिहिले होते, म्हणून तिघी सापडल्या. त्यांना पैसे दिले, साड्या परत आणल्या. चौथी बाई अजून सापडलेली नाही. तिचे ५,५०० गटाच्या वहीत वेगळे लिहून ठेवलेत, आम्ही त्याला हात लावत नाही.

दुकानदारानं मात्र हात वर केले. ‘माझ्याकडूनच घेतल्या याला पुरावा काय?’ बिल नव्हतं, काय बोलणार? राहिलेल्या १४ साड्या आम्ही खरं सांगून विकल्या, ‘सेमी आहे, मशीनची आहे’ असं. १,८०० ला एक गेली, २५,२०० आले. तूट पडली २२,८००. आम्ही बारा जणी, प्रत्येकीच्या वाट्याला १,९०० आले. दहा महिने १९० रुपये जास्तीचे भरले, व्याज वेगळं. आमच्यातल्या एका ताईनं ते कांदा लागवडीच्या मजुरीतून भरले. म्हणून सांगते, हे ज्ञान आम्हाला फुकट मिळालेलं नाही.

त्यानंतर आम्ही येवल्याला गेलो. नाशिक जिल्ह्यातलं येवला आणि गोदावरीकाठचं पैठण, ही पैठणीची दोन गावं. एका विणकर दादांच्या घरी मागाशेजारी बसून सगळं समजून घेतलं. ते आता तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, पदर उलटा करून बघा. खऱ्या पैठणीच्या पदरावरचा मोर, कमळ, मुनिया, सगळं हातानं विणलेलं असतं. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी लहान कांडी असते. तो रंग जेवढ्या जागेत पाहिजे तेवढ्याच जागेत फिरतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून मागे वळतो. त्यामुळे मागची बाजू पुढच्या बाजूसारखीच दिसते. मशीनच्या साडीत धागा मागून लांबवर जातो. म्हणून पाठीमागे धागे लोंबतात, नाहीतर कातरलेले दिसतात. बांगडीचं, अंगठीचं टोक अडकेल असं वाटलं की समजा. आणखी एक, हातानं विणलेले दोन मोर अगदी तंतोतंत सारखे नसतात. नुसता काठ बघून निर्णय करू नका. काही हातमागाच्या साड्यांतही काठाची नक्षी जॅकार्डवर घेतात. पदरच बघा.

दुसरी गोष्ट, धागा. पदराच्या दशांमधले एक-दोन धागे काढा आणि दिव्यावर धरा. रेशीम हळूहळू जळतं, केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटानं चुरली जाते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. कागद जळल्याचा वास आला तर तो बहुतेक रेयॉन, म्हणजे ज्याला आर्ट सिल्क म्हणतात ते. आर्ट सिल्क हे नाव ऐकून भुलू नका, ते ‘आर्टिफिशियल’चं आर्ट आहे. ही परीक्षा दुकानदाराला विचारूनच करायची, आणि साडीपासून लांब, नाहीतर साडी जायची. अंगठीतून साडी ओढून दाखवतात, त्याच्यावर जाऊ नका. पातळ पॉलिस्टरची साडीही अंगठीतून जाते, आणि भरलेल्या पदराची खरी पैठणी अडकू शकते.

तिसरी गोष्ट, लेबल. इथं आपल्या बायका सगळ्यात जास्त फसतात, शिकलेल्याही. प्रत्येक लेबल एकाच प्रश्नाचं उत्तर देतं. ‘सिल्क मार्क’ सांगतो की धागा शुद्ध रेशमाचा आहे. तो हातमागाचं काही सांगत नाही, मशीनवर विणलेल्या रेशमी साडीलाही तो मिळतो. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं तो आला. त्याच्या चिठ्ठीवर होलोग्राम आणि नंबर असतो, तो मोबाईलवर तपासता येतो. ‘हँडलूम मार्क’ सांगतो की कापड हातमागावरचं आहे. तो रेशमाचं काही सांगत नाही, सुती साडीलाही असतो. आणि पैठणीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ते सांगतं की साडी कोणत्या भागातली आणि कोणत्या पद्धतीची आहे. म्हणजे धागा कोणता, विणली कशी आणि कुठली, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. सोन्याला हॉलमार्क बघतो ना आपण? तसंच. नुसतं ‘प्युअर’, ‘ओरिजिनल’ असं सोनेरी अक्षरात छापलेलं कुणीही छापू शकतं. आमच्या साड्यांवर तेच होतं.

आता भाव. स्वस्त म्हणजे खोटंच, असं नाही. खरी पैठणीसुद्धा कमी पैशात मिळते, पण कमी का, याचं कारण समोर दिसलं पाहिजे. घरी बसून हिशेब करा. साध्या पदराच्या साडीला विणकराचे तीस दिवस गेले असं धरा. दिवसाची मजुरी ४०० धरली तरी १२,००० नुसती मजुरी झाली. रेशीम आणि जर त्याच्यावर. मग ‘हातमागाची’ म्हणून ३,००० ला देणारा माणूस कुणाच्या खिशातून देतो? हा साधा हिशेब आम्ही तेव्हा केला असता, तर बाराजणींचे पैसे वाचले असते. आपण रोज कर्जाचे हप्ते मांडतो, बारा टक्के-चोवीस टक्के तोंडपाठ आहेत, आणि साडी दिसली की हिशेब विसरतो.

मग खरी सवलत कुठं मिळते? एक, पदर साधा घ्या. भरलेल्या पदरापेक्षा आणि अंगभर बुट्ट्यांपेक्षा साधा पदर, अरुंद काठ, लांब लांब बुट्टी असलेली साडी खूप कमी पैशात बसते, कारण विणकराचे दिवस कमी लागतात. दोन, येवल्याला किंवा पैठणला जाऊन विणकराच्या घरून घ्या. चार-पाच जणींनी मिळून जा, गाडीभाडं वाटलं जातं आणि एकत्र घेतल्यावर भावही थोडा उतरतो. तीन, जुना माल किंवा विणीत बारीक दोष असलेली साडी विचारा. निरीवर झाकला जाईल असा दोष असला तर काय बिघडलं? फक्त तो दोष नेसण्याआधी नीट बघून घ्या. चार, ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो. त्या सुमारास आणि दिवाळीच्या आधी हातमागाची प्रदर्शनं लागतात, त्यांत विणकर स्वतः येतात, कधी सूटही असते. पाच, घरातली आजीची, सासूची जुनी पैठणी बघा. जर काळी पडली असेल, कापड विरलं असेल, तरी पदर-काठ चांगले असतील तर नव्या कापडाला लावून घेता येतात. त्याच्यासारखी खरी आणि स्वस्त दुसरी नाही.

आणि एवढं करूनही पैसे पुरत नसतील तर सेमी पैठणी घ्या. त्यात कमीपणा काही नाही. आपल्या गावात ‘खेळ पैठणीचा’ होतो, त्यात बक्षिसाला बहुतेक वेळा सेमीच असते, आणि जिंकणारी बाई किती आनंदानं नेसते! फक्त सेमी ही सेमी म्हणून आणि सेमीच्या भावात घ्या. पोरीच्या लग्नासाठी गटातून २०,००० उचलून २,००० ची साडी घरी येऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

मोबाईलवरून मागवणाऱ्या पोरींसाठी दोन शब्द. फोटोवरून पैठणी ओळखता येत नाही. फोटो खऱ्या साडीचा असतो आणि पार्सलमध्ये दुसरीच येते. पदराच्या उलट्या बाजूचा व्हिडिओ मागा. देत नसेल तर सोडून द्या. परत घेण्याची अट आधी वाचा आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. अनोळखी लिंकवर पैसे पाठवू नका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर कळवा.

आणि पक्कं बिल घ्या. बिलावर नुसतं ‘साडी १ नग’ असं नको. ‘शुद्ध रेशीम, हातमाग पैठणी’ असं लिहून घ्या. जो तोंडानं सांगतो पण लिहून देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. आमच्या एका वाक्यात सगळं आलं, बघा. लिहून घेतलेलं असलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथं तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

शेवटचं सांगते आणि बसते. आपल्यातल्या कितीतरी जणी आता स्वतः साड्या विकतात, घरी ठेवून, भिशीत, स्टॉलवर. दुकानदारापुढे गिऱ्हाईक घासाघीस करतं, शंका घेतं. आपल्यापुढे घेत नाही, कारण आपण ‘गटाच्या बाया’ आहोत. हे नाव आपण वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपये साठवून कमावलंय. आमच्या गटात आता प्रत्येक साडीला हातानं लिहिलेली चिठ्ठी असते, धागा कोणता, हातमाग की मशीन, कुठून आणली. ‘सेमी’ असं ठळक लिहितो. सुरुवातीला वाटलं विक्री पडेल. थोडी पडलीही. पण त्याच शिक्षिका मॅडम पुढच्या वर्षी स्टॉलवर आल्या, चिठ्ठी वाचली, आणि भावजयीसाठी सेमी पैठणी घेऊन गेल्या. पदर मात्र त्यांनी उलटा करून बघितलाच. मी म्हटलं, ‘बघा मॅडम, नीट बघा.’

तुम्हीही बघत जा.