ओठ बधिर, पण काही काळ



तंजावरजवळचं तिरुवैयारु.
कावेरीकाठी संत-संगीतकार त्यागराजांची समाधी.
दरवर्षी त्यांच्या आराधना उत्सवात इथे नादस्वरम हे फुंकून वाजवायचं वाद्य घुमतं.
त्याचा सूर ओठांच्या पकडीवर उभा असतो.
म्हणून आज ओठांच्या स्पर्शाविषयी.

खालचा जबडा सरळ करण्याची शस्त्रक्रिया झाली,
की पुष्कळांचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते.
घाबरू नका.
ओठ हलतो, फक्त स्पर्श कळत नाही.
कारण हालचालीची नस वेगळी, स्पर्शाची वेगळी.
स्पर्शाची नस खालच्या जबड्याच्या हाडातूनच जाते.
हाड कापताना ती ताणली जाते, दुखावते.

पण नस सावकाश सावरते.
तुटलेले तंतू दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतात.
मग मुंग्या येतात, टोचल्यासारखं होतं.
अनेकजण यालाच घाबरतात.
खरं तर ही चांगली खूण!

बहुतेकांना काही महिन्यांत, कधी वर्षभरात, फरक जाणवतो.
काहींची बधिरता थोडी उरते.
हे शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्या.

पुन्हा सांगते, नस सावकाश सावरते.
तोवर ओठ जपा.
वाफाळती फिल्टर कॉफी जरा निवू द्या.
जेवताना ओठ चावला जात नाही ना, आरशात पाहा.
आणि काही आठवड्यांनंतरही ओठ पूर्ण सुन्नच असेल,
तर आपल्या शल्यचिकित्सकांना जरूर दाखवा.