अप्रीती आणि अपील

शिक्षा झालेला मनुष्य वरच्या कोर्टात जातो तेव्हा त्याची तक्रार बहुधा दोन प्रकारची असते. 'मी हे कृत्य केलेच नाही' ही एक. आणि 'मला दोषी ठरविताना न्यायाधीशांनी कायदाच चुकीचा लावला' ही दुसरी. या दुसऱ्या तक्रारीचा मार्ग किती बिकट असू शकतो, ते लोकमान्य टिळकांच्या १८९७ सालच्या खटल्यात दिसते.

'केसरी'तील लिखाणाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा आरोप होता. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे, सहा युरोपियन व तीन हिंदी अशा नऊ जणांच्या ज्यूरीसह, सप्टेंबरात खटला चालला. कलम १२४-अ मधील कळीचा शब्द 'अप्रीती'. न्यायमूर्तींनी ज्यूरीस त्याचा अर्थ सांगितला तो 'प्रीतीचा अभाव' असा. वास्तविक नञ्-समासात अभाव आणि विरोध असे दोन्ही अर्थ संभवतात, हे पाठशाळेतील मुलालाही ठाऊक असते. अधर्म म्हणजे नुसते धर्माचे नसणे नव्हे. मूळ इंग्रजी शब्दाबद्दलही वाद नेमका हाच होता. सरकारविषयी प्रेम न वाटणे एवढ्याने गुन्हा होत असेल, तर त्या काळी निर्दोष असे किती लोक उरले असते? सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले व त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

आता दाद मागावी कोठे? सेशन कोर्टाने शिक्षा दिली असती तर हायकोर्टात अपील होते. पण हायकोर्टाने स्वतः ज्यूरीसह चालविलेल्या खटल्यावर तेव्हा सर्वसाधारण अपील नव्हतेच. ते कायद्यात आले १९४३ साली. टिळकांना प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्यापुरता दाखला मागावा लागला, आणि ज्या तीन न्यायमूर्तींपुढे तो मागितला त्यांत स्ट्रेची स्वतः बसले होते! दाखला मिळाला नाही. लंडनमध्ये अ‍ॅस्क्विथ यांनी, म्हणजे पुढे पंतप्रधान झालेल्या त्याच गृहस्थांनी, टिळकांची बाजू मांडली. तीही निष्फळ झाली. घोर अन्याय घडल्यावाचून फौजदारी निकालात हात घालावयाचा नाही, असा प्रिव्ही कौन्सिलचा शिरस्ता होता. सरकारने मात्र पुढच्याच वर्षी त्या कलमाची शब्दरचना बदलून घेतली. सुप्रीम कोर्टाने १९६२ साली केदारनाथ सिंग यांच्या प्रकरणात त्या कलमाची व्याप्ती हिंसेस वा सार्वजनिक अव्यवस्थेस चिथावणी देण्यापुरती आवळली, तोवर टिळकांना जाऊन बेचाळीस वर्षे लोटली होती.

आज कैद्याला आपला अपील-अर्ज तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती देता येतो. नोकरीच्या निमित्ताने असे काही अर्ज माझ्या वाचनात आले. बहुतेकांत साक्षीदार खोटे बोलल्याची तक्रार असे. न्यायाधीशांची चूक झाल्याचे लिहिणारा क्वचितच. टिळक स्वतः एल्‌एल्. बी. होते, आपल्या खटल्यात कोणत्या शब्दावर घात झाला ते त्यांना नेमके कळत होते. या अर्जदारांपैकी पुष्कळांना तर आपल्याविरुद्धचा निकाल कोणीतरी वाचून दाखवावा लागे.