समुद्रापलीकडचे दुकान

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



माईकसमोर उभे राहायची माझी ही पहिलीच वेळ. १९९४ पासून २००२ पर्यंत मी चेन्नईत होतो आणि दर वर्षी आपल्या उत्सवात खुर्च्या मांडायला यायचो. माईक बिघडला की मला हाक मारत, तेवढाच माझा त्याच्याशी संबंध. मी फ्रिज, एसी आणि डीप फ्रीझर दुरुस्त करणारा माणूस. घरचा दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून परवाच विमानाने आलो.

मला सांगितले होते, अंदमानात राहता तर सेल्युलर जेलबद्दल बोला. सावरकर १९११ साली तिथे गेले, त्यांचे थोरले बंधू बाबारावही तिथेच होते, हे आपण सगळे जाणतो. पण कालपासून तीन-चार तरुणांनी मला कोपऱ्यात गाठून एकच प्रश्न विचारला, "काका, आम्हालाही तिकडे जाऊन काहीतरी सुरू करायचे आहे, जमेल का?" तेव्हा जेल बाजूला ठेवतो आणि आमच्या घराचीच हकिगत सांगतो.

२००० साली कंपनीने मला पोर्ट ब्लेअरला एका शीतगृहाच्या कामासाठी पाठवले. (२०२४ पासून त्या गावाचे नाव श्री विजय पुरम झाले आहे, पण माझी जीभ अजून वळत नाही, क्षमा असावी.) काम दोन दिवसांचे होते. एक सुटा भाग चेन्नईहून यायचा राहिला आणि मी अकरा दिवस अडकलो. रिकामा माणूस गावात फिरणार. जंगलीघाटला मासळीवाल्यांच्या अंगणात पाहिले तर डीप फ्रीझर बंद पडलेले, त्यांत कुणी जाळी ठेवलेली, कुणी कोंबड्या पाळलेल्या. विचारले तर म्हणाले, मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर सामान मिळत नाही. माझ्या डोक्यात किडा शिरला. एवढी बिघडलेली यंत्रे आणि दुरुस्त करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके! मिस्त्री मिळत नाही हे मी नीट ऐकले. सामान मिळत नाही, हे अर्धे वाक्य मात्र कानावरून गेले. माझी पुढची तीन वर्षे त्या अर्ध्या वाक्यात गेली.

पत्नीला पटवायला दीड वर्ष लागले. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला धंदा करायचा आहे तर इथे करा ना, इथे काय फ्रिज बिघडत नाहीत?" प्रश्न बरोबर होता. इथे गल्लीगल्लीत मिस्त्री होते, हे माझे उत्तर. शेवटी २००२ च्या जूनमध्ये आम्ही निघालो. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन. जूनमध्ये निघालो ही पहिली चूक. अंदमानात पाऊस मे महिन्यात धरतो आणि डिसेंबरपर्यंत पाठ सोडत नाही, कारण दोन्ही मान्सून तिथे हजेरी लावतात. सुमारे बाराशे किलोमीटरचा समुद्र, जहाजाला तीन दिवस, आणि आमची बंकची तिकिटे. दुसऱ्या दिवशी घरातले तिघेही आडवे आणि मी एकटा बादली घेऊन फिरतोय. पत्नीने एका पत्र्याच्या डब्यात शाडूची माती घेतली होती, तेवढा डबा तिने उशाशी धरून ठेवला. त्या वर्षीचा गणपती तिने त्याच मातीचा हाताने केला.

तिथे पहिल्या आठवड्यात सगळ्यांना झोपेचा त्रास होतो. घड्याळ आपलेच, पण बेट इतके पूर्वेला की पहाटे पाचच्या आधी उजाडते आणि थंडीत साडेपाचला अंधार पडतो. शेजारी बंगाली, समोर तेलुगू, मागे रांची बाजूचे कुटुंब, घरमालक तिथेच जन्मलेले, कैद्यांच्या वंशातले. सगळे आपापसांत हिंदीत बोलतात. माणसे चांगली भेटली, त्याबद्दल तक्रार नाही.

आता धंद्याचे. जंगलीघाटला पत्र्याचे छप्पर असलेला गाळा भाड्याने घेतला. माझ्याकडे तीन लाख रुपये होते. त्यातले बरेचसे मी हत्यारांवर घातले. व्हॅक्यूम पंप, ब्रेझिंगचे सामान, मीटर सगळे उत्तम. सुटे भाग लागतील तसे चेन्नईहून मागवू, असा हिशेब. चौथ्याच महिन्यात एका मासळी व्यापाऱ्याच्या मोठ्या फ्रीझरचा कॉम्प्रेसर जळाला. मी म्हणालो, आठ दिवसांत आणतो. माल चेन्नईला जहाजावर चढायच्या आत हवा बिघडली, जहाज लांबले, मग त्या जहाजात जागा नाही म्हणून माल पुढच्यावर गेला. एकवीस दिवस! तोवर तो माणूस रोज बर्फ विकत घेऊन मासळी झाकत होता. शेवटी ती त्याने पुरून टाकली. तो मला एक शब्दही बोलला नाही. पैसे मागितले असते तर बरे वाटले असते.

त्या रात्री पत्नीने पाटल्या काढून दिल्या. बारा कॉम्प्रेसर, रिले, कपॅसिटर, थर्मोस्टॅट, तांब्याच्या नळीची भेंडोळी, सगळे एकदम आणले आणि गाळ्यात रचले. वाटले, आता जिंकलो. वर्षभरात त्यातल्या तिघांच्या पायांना गंज चढला, रिलेचे पत्रे हिरवे पडले. खारी हवा वापरलेले आणि न वापरलेले असा भेद करत नाही. मग प्रत्येक वस्तूला ग्रीस, वर प्लॅस्टिक, वर पुठ्ठा, आणि दर दोन महिन्यांनी उघडून बघणे. इथे ज्या एसीच्या बाहेरच्या कॉइलला वर्षानुवर्षे काही होत नाही, तिच्या अॅल्युमिनियमच्या फिन तिथे समुद्रासमोर बसवल्या तर काही काळात बोटाने चुरडतात. उपाय साधा आहे, पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने धुवा. पण कोरड्या महिन्यांत पोर्ट ब्लेअरला नळाचे पाणी दिवसाआड, कधी त्याहून उशिरा. पिण्याचे पाणी कॉइलवर ओत, असे गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने सांगायचे?

२६ डिसेंबर २००४, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन हलायला लागली ती थांबेचना. मुलांना उचलून आम्ही चढावर पळालो. आमच्या घरातले सगळे सुखरूप राहिले. निकोबारमध्ये जे झाले त्यापुढे आमचे नुकसान सांगण्यासारखे नाही, तिथली माणसे पुढे पोर्ट ब्लेअरच्या छावण्यांत आली तेव्हा ते कळले. गाळ्यात मात्र कमरेइतके खारे पाणी शिरले होते. रचलेला माल, गिऱ्हाइकांची यंत्रे, माझी हत्यारे, सगळे चिखलात.

आणि दोन दिवसांनी लोक फ्रीझर घेऊन यायला लागले. हातगाडीवर, टेम्पोत, डोक्यावर. कॉम्प्रेसरचे कवच सीलबंद असते, त्यामुळे आतली मोटर बऱ्याचदा वाचते. बाहेरचा रिले, थर्मोस्टॅट आणि वायरिंग जाते. लवकर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, ते भाग बदलले तर यंत्र चालू होते. दिवस-रात्र मी तेच केले. मजुरी लावली नाही. मोठेपणा म्हणून नव्हे, मागायची सोयच नव्हती. आमच्या गल्लीत कितीतरी दिवस कुणी मासळी खाल्ली नाही. मासळीवाल्याकडे पैसा नाही, तर मिस्त्रीकडे कुठून?

धक्के पुढे कित्येक महिने येत राहिले. मुलगी रात्री चप्पल घालून झोपायची. फेब्रुवारीत पत्नी म्हणाली, "मी मुलांना घेऊन नागपूरला जाते. तुम्हाला काय ठरवायचे ते इथे बसून ठरवा. मला फोनवर समजावू नका." ती गेली. चार महिने मी एकटा होतो, आणि खरे सांगतो, दोनदा गाळ्याची किल्ली घरमालकाच्या हातात द्यायला निघालो होतो. परत का फिरलो? धैर्य वगैरे काही नाही. उधारी बाहेर अडकली होती आणि पाटल्या गहाण होत्या, तेवढेच कारण. जूनमध्ये शाळा सुरू होताना ती परत आली. तिने एकच अट घातली, वही तिच्याकडे. त्या दिवसापासून कुणाला किती उधार द्यायचे आणि कोणता भाग कधी मागवायचा हे ती ठरवते. माझा धंदा खऱ्या अर्थाने २००५ साली सुरू झाला, आणि तो तिने सुरू केला. ती आज इथे नाही म्हणून हे बोलायचे धाडस करतो आहे.

भूकंपात पोर्ट ब्लेअरची जमीन सुमारे एक मीटर खचली. सिप्पीघाटला जिथे भातशेती होती तिथे समुद्राचे पाणी शिरले ते कायमचे. आम्हीही गाळा सोडून गाराचरमाला चढावर गेलो. पुढे हॉटेले वाढली, एसी वाढले, काम वाढले. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटक बंद झाले, बंद पडलेले एसी चालू एसीपेक्षा लवकर सडले. ते दिवस आम्ही जुन्या मालावर काढले. याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, तुम्हीही ते दिवस इथे काढलेत.

सांगण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. २००९ मध्ये नागपूरला माझे वडील गेले. डिसेंबर होता, पर्यटकांचा मोसम, विमानात जागा नाही. मी पोचलो तिसऱ्या दिवशी. धाकट्या भावाने सगळे केले होते. आईने काही विचारले नाही, नुसते पाण्याचे भांडे पुढे केले. तरुण मित्रांनो, तुम्ही भाडे, परवाना, भांडवल सगळे विचारलेत, हे कुणी विचारले नाहीत. भांडवलाचा हिशेब करताना हा आकडा कुठल्या रकान्यात लिहायचा, ते मला आजवर जमलेले नाही. माझ्या दुकानात गिऱ्हाईक सामानाची वाट बघते, तशी आईवडिलांनी माझी वाट बघितली.

म्हणून जमेल का, याचे माझे उत्तर असे. आधी एकट्याने पावसाळ्यात जाऊन दोन महिने राहा. पर्यटक डिसेंबरात सहा दिवस येतो, त्याला बेट कळत नाही. जमिनी घ्यायच्या गोष्टी पहिल्या वर्षी काढू नका. सहा महिने विक्री झाली नाही तरी घर चालेल एवढे वेगळे ठेवा, आणि तेवढ्याच काळाचा माल. आणि घरात जी व्यक्ती "कशाला" असा प्रश्न विचारते आहे, तिच्या हातात पहिल्या दिवसापासून वही द्या. मी तीन वर्षे उशीर केला.

मुलगी आता पुण्यात नोकरी करते. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तेव्हापासून तिचा चेहरा फोनवर नीट दिसतो, आधी नुसते चौकोन दिसायचे. मुलगा माझ्याबरोबर दुकानात आहे. त्याला स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, शाखा काढायची आहे. तिथे सामान न्यायला पोर्ट ब्लेअरहून आणखी एक बोट. मी नको म्हणालो. पत्नीने मला विचारले, "तुम्हाला २००२ साली कुणी नको म्हणाले होते का?" मी गप्प बसलो. कर्जाचे कागद सध्या वहीत आहेत.

वेळ झाली, आरतीची तयारी दिसते आहे. उद्या सकाळी मला बाजार गाठायचा आहे. मुलाने बावीस वस्तूंची यादी दिली आहे. तेविसावी ओळ पत्नीच्या अक्षरात आहे, शाडूची माती, दहा किलो, पुढच्या वर्षासाठी. आमच्या घरी आता सगळे असेच वर्षभर आधी घेतले जाते. चेन्नईत ती कुठे मिळते ते कुणाला माहीत असेल तर आरतीनंतर जरूर सांगा, मी इथेच खुर्च्या उचलायला थांबणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!