दुपारच्या दोन तासांचा हिशोब

जेवणखाण, भांडीकुंडी आवरून तुम्ही आता जरा टेकला असाल. कुणाच्या हातात सुई असेल, कुणी क्रोशाचं तोरण विणत असेल, कुणी बियाणं निवडत असेल. हात चालू राहू द्या. आज आम्ही बोलणार आहोत ते या हातातल्या कामाबद्दलच.

गटाचा नाहीतर एखाद्या योजनेचा फॉर्म भरायला बसलं की त्यात एक रकाना येतो, ‘कोणतं काम येतं?’ आपल्यातल्या कितीतरी जणी तिथं आडवी रेघ मारतात. फार झालं तर ‘घरकाम’ असं लिहितात. त्याच बाईच्या घरी तिनं शिवलेल्या चार वाकळा घडी करून ठेवलेल्या असतात. दारात रोज नवी रांगोळी असते. विचारलं तर ती म्हणते, “ते काय बाई, असंच. आवड म्हणून.”

या ‘असंच’बद्दल आम्हाला बोलायचं आहे. आवडीच्या कामातून आपण पुष्कळ शिकतो. पण शिकलेलं मोजलं नाही, मांडलं नाही, तर ते पोटापाण्याला उपयोगी पडत नाही. मग आपल्या हातची कला दुसराच कुणी स्वस्तात घेऊन जातो.

आधी रांगोळीचं बघू. पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी तुम्ही काढता. मधली ओळ पंधराची, मग वर आणि खाली चौदा, तेरा, असं करत आठपर्यंत. सगळे मिळून 169 ठिपके होतात. पट्टी नाही, कागद नाही, तरी अंतर सारखं पडतं. उद्या मेंदी काढायची असो, भिंत रंगवायची असो, नाहीतर भरतकामाचा नमुना उतरवायचा असो, हीच नजर कामाला येते.

आता गोधडीकडे येऊ. कुणी तिला वाकळ म्हणतं. जुनी लुगडी धुऊन उन्हात वाळवायची, विरलेला भाग बाजूला काढायचा, थर एकावर एक पसरायचे. मोठे कच्चे टाके घालून थर धरायचे आणि मग कडेपासून आत आत जात धावदोरा घालायचा. दोरा जास्त ओढला तर गोधडी गोळा होते, सैल सोडला तर थर सरकतात. हे कुठल्या वर्गात शिकवलेलं नसतं. आईच्या, सासूच्या मांडीला मांडी लावून आपण शिकलो.

यात किती गोष्टी आल्या बघा. कापडाचा अंदाज आला. रंगांची जुळणी आली. काम कुठून सुरू करून कुठं संपवायचं, हे आलं. महिनाभर पुरणारी चिकाटी आली. शिवणकामाच्या युनिटवर किंवा गटाला गणवेश, पिशव्या शिवायचं काम मिळालं, तर अशीच बाई लागते. शिलाई मशीन चालवणं शिकता येतं. पण कापड वाया न घालवता बेतणारी नजर यायला वर्षं जातात. ती तुमच्याकडे आहे.

मग अडतं कुठं? हिशोबात अडतं. समजा, तुम्ही रोज दुपारी दोन तास बसून तीस दिवसांत एक मोठी गोधडी पुरी केली. म्हणजे 60 तास झाले. नवं अस्तर आणि दोरा मिळून 500 रुपये गेले. शहरातली एक पाहुणी आली, तिला गोधडी आवडली, तिनं 800 रुपये दिले. आपण खूश. पण 800 मधून 500 वजा केले की 300 उरतात. 60 तासांना 300 रुपये, म्हणजे तासाला 5 रुपये पडले.

आता तुमच्या गावातल्या बायकांची शेतातली मजुरी घ्या आणि तिला कामाच्या तासांनी भागा. जो आकडा येईल तो तासाचा दर. समजा तो 40 रुपये आला, तर 60 तासांचे 2400 आणि सामानाचे 500, अशी त्या गोधडीची किंमत 2900 होते. ती 800 ला दिली, याचा अर्थ 2100 रुपयांची मजुरी आपण सोडून दिली. मायेच्या माणसाला भेट द्यायची तर खुशाल द्या. पण विकायची असेल, तर विकताना हा आकडा आपल्याला माहीत हवा.

तुम्ही म्हणाल, 2900 कोण देणार? खरं आहे. तुमच्या बाजारात एवढं देणारं गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. म्हणून तर हिशोब करायचा. त्याच हातानं बाळाचं दुपटं शिवलं आणि त्याला 12 तास लागले, तर मजुरी 480 आणि सामान समजा 120, मिळून 600 रुपये झाले. बारशाला भेट म्हणून 600 देणारं माणूस गावातसुद्धा मिळू शकतं. मोठी गोधडी घरासाठी ठेवायची, दुपटं विकायचं. हा निर्णय वहीतल्या आकड्यांनी घेता येतो. नुसत्या अंदाजानं घेतला, तर पुन्हा तासाला 5 रुपयेच पदरी पडतात.

आवडीचं काम नीट मांडलं की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. त्या शाळेत गेल्या नाहीत. गावठी बियाणं राखण्याची त्यांना ओढ होती. बियाणं राखणाऱ्या आपल्या आज्याही होत्याच, गाडग्यात राख घालून त्या ठेवायच्या. राहीबाईंनी वालाचे, भाताचे, भाज्यांचे वेगवेगळे वाण वेगळे राखले. कुठल्या वाणाची काय ओळख, हे त्या इतरांना समजावून सांगू लागल्या. बाएफ संस्थेची साथ मिळाली आणि बियाणं बँक उभी राहिली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पद्मश्री सगळ्यांना मिळणार नाही. पण वेगळं राखणं, ओळख सांगणं आणि दुसऱ्याला शिकवणं, या तीन गोष्टी आपल्यातली कुणीही करू शकते.

आता तुमच्याकडून एक काम करून घ्यायचं आहे. एक वही घ्या, मुलांची अर्धी उरलेली चालेल. आवडीचं एकच छोटं काम निवडा, जे महिन्याभरात पुरं होईल. एक दुपटं, एक तोरण, परसात चार वाफे भाजी, नाहीतर आजीच्या पाच ओव्या मोबाईलवर टिपून ठेवणं. सुरू केल्याची तारीख लिहा. रोज किती वेळ दिला तो लिहा. लिहिता येत नसेल तर रेघा ओढा, अर्ध्या तासाला एक रेघ. सामानाचा खर्च मांडा. काम सुरू करताना, मध्यावर आणि पुरं झाल्यावर असे तीन फोटो काढून ठेवा. आणि काम पुरं करा. अर्धवट राहिलेल्या पाच कामांपेक्षा तडीला नेलेलं एक काम जास्त शिकवतं. शेवटच्या टप्प्यातच चुका दिसतात आणि त्या उसवून दुरुस्तही करता येतात.

अशा तीन-चार कामांची नोंद झाली की ती वही म्हणजे तुमचा दाखला. कुणी विचारलं, “काय येतं?” तर वही पुढं ठेवायची. आणि वही लिहायची सवय लागलेली बाई गटाचा हिशोबही सांभाळू शकते, हे विसरू नका. मोबाईलवर नीट फोटो काढणारी मुलगी गटाच्या मालाची जाहिरात करू शकते. ओव्या टिपणारी बाई उद्या या माईकसमोर बसू शकते. आवड एका कामाची असली, तरी तिच्यातून आलेला गुण दुसऱ्या कामाला लागतो.

सरकारी कागदाची गरज असेल तर दोन गोष्टी विचारून घ्या. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीपासून येत असलेल्या कामाची पारख करून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. तिच्यात 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. शिंपीकाम, माळा गुंफणं, टोपल्या-चटया-झाडू बनवणं, बाहुल्या आणि खेळणी करणं ही कामं त्यांत येतात. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये भत्ता आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत अशी तरतूद आहे. लाभ एका घरातल्या एकालाच मिळतो. म्हणून नाव कुणाचं घालायचं ते घरात बसून ठरवा, आणि काम जिच्या हातचं आहे तिचं नाव पुढं करा. तुमच्या व्यवसायाची नोंदणी सध्या चालू आहे का, हे सीएससी केंद्रात विचारा.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. प्रत्येक आवड विकलीच पाहिजे असं नाही. भजन म्हणणं, झाडं लावणं, लेकीच्या परकरावर एक फूल भरणं, हे मनासाठी असू द्या. विकायला लागलं की गिऱ्हाईकाची घाई येते, नावडता रंगही वापरावा लागतो. कोणतं काम बाजाराला न्यायचं आणि कोणतं स्वतःपाशी ठेवायचं, हे तुम्हीच ठरवायचं. आणि ते दुपारचे दोन तास जपा. “रिकामीच बसलीस, जरा हे कर,” असं कुणी म्हणालं तर वही दाखवा. त्यात लिहिलेलं असेल की बाई रिकामी बसलेली नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत, वर्गणी गोळा झाल्यावर अर्धा तास राखून ठेवा. प्रत्येकीनं आपण केलेली एक वस्तू आणायची. तिला किती तास लागले आणि किती खर्च आला, ते सगळ्यांसमोर सांगायचं. बाकीच्यांनी मिळून तिची किंमत काढायची. आपल्या वस्तूची किंमत सांगायला आपली जीभ अडखळते, मैत्रिणीच्या वस्तूची मात्र आपण बरोबर सांगतो.

जमलेले आकडे आम्हाला कळवा. पुढच्या भागात आम्ही ते वाचून दाखवू आणि भाव सांगताना गिऱ्हाईकाशी कसं बोलायचं, ते बघू. तोवर नमस्कार.