छावणीतला माणूस आणि त्याचा अधिकार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

छळछावणीचे दार उघडले की कैदी मुक्त झाला, अशी आपली समजूत असते. युरोपातील ज्यूंचा १९४५ नंतरचा इतिहास ही समजूत खोटी ठरवतो. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य बेर्गन-बेल्सनमध्ये शिरले, तेव्हा तेथे सुमारे ६०,००० कैदी होते. भूक आणि टायफस यांनी जर्जर झालेल्या या माणसांपैकी हजारो पुढील काही आठवड्यांत मरण पावली. जी जगली त्यांतील बहुतेकांचे आप्त मारले गेले होते, घरांत परके राहत होते. पोलंडमधील किएल्त्से येथे ४ जुलै १९४६ रोजी झालेल्या हत्याकांडात ४२ ज्यू मारले गेले आणि परतलेल्या हजारोंनी पुन्हा पश्चिमेची वाट धरली. १९४७ पर्यंत जर्मनी, ऑस्ट्रिया व इटलीत सुमारे अडीच लाख विस्थापित ज्यू जमले.

विजेत्यांनी त्यांना कसे वागवले? अध्यक्ष ट्रुमन यांनी पाठविलेल्या अर्ल हॅरिसन यांनी ऑगस्ट १९४५ मध्ये कळविले की, अनेक ज्यू अजूनही तारेच्या कुंपणाआड, कैद्याच्याच कपड्यांत दिवस काढीत आहेत. त्यानंतर अमेरिकी विभागात ज्यूंच्या स्वतंत्र छावण्या झाल्या, शिधाही वाढला.

परंतु शिधा म्हणजे पुनर्वसन नव्हे. पुनर्वसन घडवले ते छावणीवासीयांनी स्वतः. ज्या लांड्सबर्गच्या तुरुंगात १९२४ साली हिटलर कैदेत होता, त्याच गावच्या छावणीत त्यांनी आपली समिती निवडली. छळछावणीतून वाचलेल्या याकोब ओलेइस्की यांनी तेथे व्यवसायशिक्षणाची शाळा उभी केली. हिब्रू खिळे मिळेनात, म्हणून छावणीचे यिद्दिश वृत्तपत्र रोमन लिपीत छापले गेले. बेल्सनमध्ये शाळा निघाली, नाटकमंडळी उभी राहिली. म्युनिकच्या इतिहास समितीने सुमारे २,५०० साक्षी नोंदवून घेतल्या. लग्ने झाली, पाळणे हलले. ज्यांना केवळ क्रमांक करून टाकले होते, ती माणसे मतदार, शिक्षक, संपादक आणि आईबाप झाली.

तरीही जगाची दारे बंदच होती. ब्रिटनने पॅलेस्टाइनचा मार्ग अडवला. १९४७ मध्ये 'एक्सोडस' जहाजावरील सुमारे ४,५०० जणांना पुन्हा जर्मनीतच उतरवले. अमेरिकेच्या १९४८ च्या कायद्याने २२ डिसेंबर १९४५ ही मुदत घातली. साहजिकच किएल्त्सेनंतर पळून आलेले वगळले गेले. १९५० मध्ये ती अट सुधारावी लागली. १९४८ नंतर बहुसंख्य इस्रायलला गेले. त्याच युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब बेघर झाले, हेही आपण विसरता कामा नये. एकाच्या दुःखाची भरपाई दुसऱ्याच्या विस्थापनाने होत नाही. आणि जर्मनीतील शेवटची ज्यू छावणी, फ्योरेनवाल्ड, बंद झाली ती १९५७ साली.

साथींनो, विस्थापितांमध्ये काम करताना आपण प्रथम धान्य, कापड, औषधे मोजतो. ते आवश्यकच आहे. परंतु त्यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे: निर्णय कोणाच्या हाती आहे? मदत देणारा ठरवणार आणि घेणारा रांगेत उभा राहणार, ही व्यवस्था कितीही दयाळू असली तरी माणसाला लाचार करते. मृत्यूच्या दारातून परतलेल्यांनी सर्वप्रथम स्वतःची समिती निवडली, हे आपण नीट लक्षात ठेवू या.