मेलेल्या माशाची साक्ष

दुसऱ्याच्या मनांत काय चाललें आहे हें जाणण्याची हौस मनुष्यास फार जुनी आहे. कवटी न उघडतां जिवंत मेंदूचें कार्य पाहतां येऊं लागलें, तेव्हां या हौसेस शास्त्राचा आधार मिळाला. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञांनीं १९९० सालीं असें दाखविलें कीं, रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण बदललें म्हणजे चुंबकीय यंत्रांत उमटणारें मेंदूचें चित्रहि बदलतें. जो भाग काम करूं लागतो तिकडे ताजें रक्त अधिक धांवतें. त्यावरून तो भाग ओळखावयाचा. यंत्रास विचार दिसत नाहीं. दिसतो तो केवळ रक्ताचा सूक्ष्म फरक. हा फरक खरा कीं योगायोगाचा, याचा निवाडा संख्याशास्त्राकडे असतो.

हा निवाडा किती नाजूक आहे, हें २००९ सालीं अमेरिकेंतील क्रेग बेनेट व त्यांचे सहकारी यांनीं एका विलक्षण प्रयोगानें दाखविलें. सॅमन जातीचा एक मासा त्यांनीं यंत्रांत ठेविला, माणसांच्या निरनिराळ्या प्रसंगांचीं छायाचित्रें त्यास दाखविलीं, आणि चित्रांतील व्यक्तीच्या मनांत कोणती भावना असावी, असें त्यास विचारलें. मासा मेलेला होता. तरीहि नेहमींचा हिशेब केल्यावर ८०६४ सूक्ष्म भागांपैकीं १६ भाग 'कार्यरत' ठरले!

मेलेला मासा विचार करीत नव्हता, हें उघड आहे. मग चूक कोठें होती? समजा, एका शाळेंतील हजार मुलांनीं प्रत्येकीं दहा वेळां नाणें उडविलें. दहाहि वेळां छापा पडणें ही गोष्ट एकेका मुलाच्या बाबतींत दुर्मिळ. परंतु हजार मुलांत असा एखादा निघणें अगदीं स्वाभाविक. त्या मुलास सिद्धपुरुष मानून त्याच्या गळ्यांत हार घालणें शहाणपणाचें ठरेल काय? माशाचेंहि तसेंच झालें. हजारांत एकदां फसण्याची मोकळीक ठेवून ८०६४ वेळां तोच प्रश्न विचारला, तर निव्वळ योगायोगानेंच सरासरी आठ भाग उजळावयाचे. शिवाय शेजारशेजारचे भाग बहुधा सोबतच उजळतात. त्यामुळें १६ उजळले यांत नवल नाहीं.

यावर उपाय आहेत. इटालियन गणिती कार्लो बोनफेरोनी यांच्या नांवानें ओळखली जाणारी रीत सांगते कीं, जितके प्रश्न अधिक, तितकी कसोटी कडक करावी. इस्रायलचे बेंजामिनी व हॉखबर्ग यांनीं १९९५ सालीं दुसरी रीत मांडली: खरे म्हणून जाहीर केलेल्या निष्कर्षांत खोट्यांचें प्रमाण ठराविक मर्यादेंत ठेवावें. अशी दुरुस्ती करतांच मासा पुन्हां निश्चेष्ट झाला. या संशोधनास २०१२ सालीं इग् नोबेल पारितोषिक मिळालें. तें आधीं हंसविणाऱ्या व मागाहून विचार करावयास लावणाऱ्या कामासाठीं देतात.

तथापि कसोटी वाटेल तितकी कडक करून भागत नाहीं. मेंदूंतील गांठ काढण्यापूर्वीं रोग्याचें वाणीचें केंद्र कोठें आहे, हें शस्त्रवैद्य याच चित्रांच्या साहाय्यानें पाहतात. अतिकडक कसोटीमुळें तें केंद्र चित्रांत रिकामें दिसलें, आणि शस्त्र तेथें चाललें, तर रोग्याची वाचाच जावयाची. खोटें खरें मानणें हा दोष, तसाच खरें न दिसणें हाहि दोष होय. कोणता दोष अधिक घातक, हें कार्य पाहून ठरवावें लागतें.

रूढ रीतीहि पारखून घ्याव्या लागतात. स्वीडनमधील आंदेर्स एक्लुंड व त्यांचे सहकारी यांनीं, स्वस्थ पडून राहिलेल्या निरोगी माणसांचीं चित्रें घेऊन प्रचलित गणकयंत्रीय पद्धतींची परीक्षा केली व ती २०१६ सालीं प्रसिद्ध केली. जेथें शंभरांत पांचच वेळां फसगत व्हावयाची, तेथें उजळलेल्या भागांच्या झुबक्यांवरून निर्णय करणाऱ्या पद्धतींत ती कांहीं बाबतींत सत्तर वेळांपर्यंत गेली.

वृत्तपत्रांत प्रेमाचें, रागाचें किंवा असत्याचें मेंदूंतील 'ठिकाण' म्हणून रंगीत चित्र छापून आलें, तर सुज्ञ वाचकानें तीन गोष्टी विचाराव्या: किती ठिकाणीं शोधलें? काय शोधावयाचें हें आधीं ठरलें होतें काय? आणि दुसऱ्या माणसांवर तेंच पुन्हां आढळलें काय? या प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत त्या चित्राच्या आधारें कोणाच्या बुद्धीविषयीं वा शीलाविषयीं मत बनवूं नये.