तमाशा कोणता खरा?

आमच्या माणदेशात पारावर एक वाद नेहमी रंगतो : तमाशापट खरा कोणता? म्हातारी मंडळी १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’वर अडून बसतात. गाणी ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे घरचीच! त्यांच्यामागचे १९७२ चा ‘पिंजरा’ सोडत नाहीत. पोरं म्हणतात, २०१० चा ‘नटरंग’.

मला वाटतं, जो तो आपली पंचविशीच राखत असतो. चित्रपटांनी मात्र प्रश्न निरनिराळे विचारले. पहिल्यात बाईवरचा अन्याय चव्हाट्यावर येतो, दुसऱ्यात गुरुजींची घसरण दिसते, तिसऱ्यात नाच्याच्या वाट्याची अवहेलना.

तेव्हा वाद जरूर घाला; पण जत्रेत फड उतरला, की तिकीट काढून कनातीत बसा. पडद्यावरच्या तमाशासाठी भांडताना खऱ्या तमासगिराला विसरू नये.